पाण्याकाठच्या धावमार्गाचे अंतर कसे मोजावे: आधी रेषा, मग साधन

प्रश्न असा आहे. पाण्याच्या काठाने जाणारा सुमारे पाच मीटर रुंदीचा पादचारी मार्ग आहे. एका टोकापासून निघून दुसऱ्या टोकाला वळसा घालून परत आले की दहा किलोमीटर होतात, असे त्यावर पूर्वी कोणीतरी रंगवलेल्या खुणा सांगतात. प्रश्नकर्त्याचे घड्याळ त्याच फेरीचे १०.१८ किलोमीटर दाखवते, सोबत्याचे घड्याळ १०.०५ दाखवते आणि संगणकावरील नकाशावर रेघ ओढून मोजले तर ९.९० भरतात. धावण्याच्या गटासाठी आता नव्या खुणा करायच्या आहेत, तेव्हा यांतला कोणता आकडा खरा धरावा आणि मोजणी नेमकी कशी करावी, असे विचारले आहे.

शर्यतींचे मार्ग मोजण्याच्या कामात हा प्रश्न या ना त्या रूपात नेहमी समोर येतो, आणि बहुतेक वेळा चर्चा साधनांपासून सुरू होते: कोणते घड्याळ चांगले, कोणता नकाशा विश्वासार्ह. माझ्या मते सुरुवात त्याच्या आधीपासून करावी लागते. अंतर रस्त्याला नसते, त्यावरून काढलेल्या रेषेला असते. पाच मीटर रुंदीच्या मार्गावर कठड्याला धरून धावणारा, मधोमध धावणारा आणि प्रत्येक वळण आतून कापत जाणारा असे तिघे एकाच मार्गावर तीन वेगळी अंतरे धावतात, आणि तिघांच्याही हातात अचूक साधन दिले तरी त्यांचे आकडे जुळणार नाहीत. म्हणून आपण कोणत्या रेषेची लांबी मोजत आहोत हे एका वाक्यात लिहून काढता आल्याशिवाय टेप उलगडण्यात अर्थ नाही.

रस्त्यावरील अधिकृत शर्यतींसाठी ही रेषा ठरलेली आहे. धावपटूला वापरू दिलेल्या रुंदीच्या आत राहून जो सर्वांत जवळचा मार्ग निघतो, तो मोजायचा. वळणावर आतल्या कडेपासून ३० सेंटीमीटर अंतर ठेवायचे आणि एका वळणाकडून दुसऱ्या, उलट दिशेच्या वळणाकडे जाताना सरळ तिरपी रेषा घ्यायची. पाण्याकाठच्या मार्गावर या नियमाचे महत्त्व अधिक आहे, कारण असे मार्ग काठाच्या आकाराप्रमाणे सतत वळत असतात.

वळणामुळे किती फरक पडतो याचा हिशेब सोपा आहे आणि तो एकदा लक्षात आला की निम्मे मतभेद मिटतात. दोन समांतर रेषांच्या लांबीतला फरक म्हणजे त्यांच्यातील आडवे अंतर गुणिले एकूण वळलेला कोन. तळ्याभोवतीची पूर्ण फेरी घ्या. तळे गोल असो, लांबट असो वा वेडेवाकडे, फेरी पूर्ण होईपर्यंत धावणारा एकंदर ३६० अंशच वळतो, त्यामुळे काठापासून एक मीटर बाहेरून धावल्यास फेरी ६.२८ मीटरने वाढते, मग तळ्याचा घेर पाचशे मीटर असो की पाच किलोमीटर. आता त्याच पाच मीटर रुंदीच्या मार्गावर सर्वांनी डावीकडून चालावे असा नियम आहे असे समजा. घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने धावणारा आतल्या कडेने जाईल आणि काट्यांच्या दिशेने धावणारा बाहेरच्या कडेने. दोन्ही कडांपासून ३० सेंटीमीटर सोडले तर त्यांच्या रेषांमध्ये ४.४ मीटर अंतर उरते आणि एका फेरीत सुमारे साडेसत्तावीस मीटरचा फरक पडतो. चार फेऱ्यांत हा फरक ११० मीटरच्या पुढे जातो आणि दोघेही आपापल्या घड्याळाला दोष देत घरी जातात.

जाऊन परत येण्याच्या मार्गावर एक वेगळीच गंमत होते. काठ एकंदरीत डावीकडे वळत असेल, तर डाव्या कडेने जाणारा जाताना वळणाच्या आतून असतो आणि परत येताना बाहेरून. जाताना वाचलेले मीटर येताना फेडावे लागतात. दोन्ही वेळा डावी कड धरली तर एकूण फेरी मधल्या रेषेच्या दुपटीइतकीच भरते, पण त्याच खुणांच्या दरम्यान जातानाचा किलोमीटर आणि येतानाचा किलोमीटर सारखा राहत नाही. जाताना वेग चांगला आणि येताना घसरलेला दिसतो याचे खापर अनेकजण दमण्यावर किंवा वाऱ्यावर फोडतात. वारा असतोही, पण काही सेकंद या भूमितीचे असू शकतात.

याउलट सरळ पट्ट्यात इकडून तिकडे गेल्याने फारसे काही बिघडत नाही. पाच मीटर रुंदीचा रस्ता शंभर मीटरांत तिरपा ओलांडला तर अंतर केवळ साडेबारा सेंटीमीटरने वाढते. वीस मीटरांत ओलांडला, म्हणजे समोरच्या गर्दीला जवळजवळ वळसाच घातला, तरी वाढ बासष्ट सेंटीमीटरची. गर्दीतून वाट काढल्यामुळे अंतर खूप वाढले, ही तक्रार म्हणून मला नेहमी थोडी अतिशयोक्त वाटते. खरे अंतर वाढवतात ते काठावरचे फुगवटे. पाणी पाहत उभे राहण्यासाठी अनेक ठिकाणी मार्गाला पाण्याच्या बाजूने अर्धगोल सज्जे काढलेले असतात. दहा मीटर त्रिज्येचा असा एक सज्जा कठड्याच्या कडेने पूर्ण फिरून घेतला तर ३१.४ मीटर होतात आणि त्याच्या तोंडावरून सरळ पुढे गेले तर २०. असे सात सज्जे असलेल्या मार्गावर कठडा न सोडणारा माणूस एका दिशेला जवळजवळ ८० मीटर जास्त धावतो. नियमाप्रमाणे मोजताना सज्जे बाहेर राहतात, कारण जवळची रेषा त्यांच्या तोंडावरून जाते.

सरावाच्या खुणांसाठीही मी हीच जवळची रेषा सुचवेन. धावणारे प्रत्यक्षात मधून जातात, तेव्हा मधली रेषा मोजणे अधिक प्रामाणिक ठरेल, असा युक्तिवाद केला जातो. त्यात तथ्य आहे, पण मधली रेषा दुसऱ्या माणसाला पुन्हा सापडत नाही. मार्ग रुंद होतो तिथे मध्य कुठे, बाक आणि झाडांचे वाफे असतील तिथे कोणत्या दोन कडांचा मध्य, याची उत्तरे प्रत्येकजण वेगळी देईल. आतली कड आणि तिच्यापासून ३० सेंटीमीटर हे मात्र कोणीही, कधीही पुन्हा शोधू शकतो. शिवाय जवळच्या रेषेवर बसवलेल्या खुणांमुळे त्या मार्गावर कसेही धावणाऱ्याने निदान तितके अंतर नक्की कापलेले असते. अपवाद एकच: मार्गाच्या मधोमध ओलांडता न येणारा दुभाजक असेल तर जाण्याची आणि येण्याची बाजू वेगळी मोजावी.

आता घड्याळांविषयी. घड्याळ रस्ता मोजत नाही. सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांकडून आलेल्या संकेतांच्या वेळेवरून ते स्वतःचे स्थान काढते आणि अशा स्थानांची मालिका जोडून लांबी सांगते. काही घड्याळे संकेताच्या बदलत्या वारंवारतेवरून वेग काढून त्याचाही आधार घेतात. मोकळ्या आकाशाखाली स्थानातली चूक साधारण काही मीटरांची असते. संपूर्ण माग एकाच दिशेने तीन मीटर सरकला तर लांबीला काही होत नाही. त्रास होतो तो बिंदू एकमेकांच्या तुलनेत डावी-उजवीकडे हलतात तेव्हा. सेकंदाला तीन मीटर धावणाऱ्याच्या लागोपाठच्या दोन बिंदूंत अर्ध्या मीटरचा आडवा फरक पडला, तर तीन मीटरचे ३.०४ मीटर होतात, म्हणजे सुमारे १.४ टक्के वाढ. अशी नागमोडी नेहमी लांबी वाढवते, कधीच कमी करत नाही. ती कमी करण्यासाठी घड्याळातील प्रणाली माग गुळगुळीत करते, पण त्या भरात खरी वळणेही कापली जातात आणि धक्क्याच्या टोकाला घातलेला वळसा आखडतो. एक घड्याळ जास्त आणि दुसरे कमी दाखवते ते बहुतेक या दोन विरुद्ध प्रवृत्तींच्या वेगवेगळ्या प्रमाणामुळे. १०.१८ आणि १०.०५ यांतला फरक मला यामुळेच मुळीच आश्चर्याचा वाटत नाही.

पाण्याकाठी घड्याळे उत्तम चालतात, असा समज आहे, कारण अर्धे आकाश पूर्ण मोकळे असते. तो अर्धाच बरोबर आहे. जमिनीच्या बाजूला उंच इमारतींची रांग असेल तर त्या बाजूचे उपग्रह झाकले जातात आणि पाण्याकडच्या उपग्रहांचे संकेत त्याच इमारतींवर आपटून उशिरा पोहोचतात. प्रकाश एका नॅनोसेकंदात ३० सेंटीमीटर जातो. भिंतीवरून फिरून आलेल्या संकेताला काही दहा नॅनोसेकंद उशीर झाला तरी स्थान कित्येक मीटर ढळू शकते. शांत पाण्याचा पृष्ठभागही संकेत परावर्तित करतो. दोन वारंवारता वापरणारी नवी घड्याळे अशा परावर्तनांना बरीच पुरून उरतात, तरीही खुणा बसवण्यासाठी मी कोणतेही घड्याळ वापरणार नाही. दहा फेऱ्यांची सरासरी काढल्याने चूक नाहीशी होते, हेही खरे नाही. त्याच इमारती, तीच वळणे आणि तेच घड्याळ असल्यावर चुकीचा एक भाग दरवेळी त्याच बाजूला पडतो आणि सरासरीत तसाच राहतो.

नकाशावरची मोजणी घड्याळापेक्षा चांगली ठरू शकते, पण ती घाईने केली तर नेहमी कमी भरते, कारण आपण वळणावर मोजके बिंदू देतो आणि नकाशा त्यांना सरळ रेषांनी जोडतो. पन्नास मीटर त्रिज्येच्या वळणावर दर वीस मीटरांनी बिंदू दिला तर त्या वळणाची लांबी सुमारे ०.६७ टक्क्यांनी कमी येते. दर पाच मीटरांनी दिला तर ही तूट ०.०४ टक्क्यांवर येते. प्रश्नातले ९.९० किलोमीटर मला अशाच विरळ बिंदूंचे वाटतात. उपग्रहचित्र प्रत्यक्ष जागेपासून काही मीटर सरकलेले असते, याची चिंता करू नये, कारण सगळे चित्र एकत्र सरकले असेल तर लांबी तीच राहते. दोन चित्रे जिथे जोडली आहेत त्या सांध्यावर मात्र लक्ष ठेवावे. कठड्याची रेघ तिथे तुटून पुढे सरकलेली दिसते. आणि पडद्यावरच्या नकाशाचे छायाचित्र काढून त्यावर पट्टीने कधीही मोजू नये. संकेतस्थळांवरील बहुतेक नकाशे मर्केटर प्रक्षेपाचे असतात आणि त्यात विषुववृत्तापासून दूर जावे तसे प्रमाण फुगत जाते: ३० अंशांवर सुमारे १.१५ पट, ४५ अंशांवर १.४१ पट, ६० अंशांवर दुप्पट. नकाशातील मोजणीचे साधन ही वाढ वजा करून उत्तर देते. तरीही काही साधने पृथ्वी पूर्ण गोल मानतात आणि त्यामुळे अक्षांश व दिशेनुसार अर्ध्या टक्क्यापर्यंत फरक राहू शकतो, म्हणजे दहा किलोमीटरला पन्नास मीटर. मार्गाची आखणी करण्यासाठी, वळणाची जागा अंदाजे ठरवण्यासाठी नकाशा वापरावा. शेवटचा शब्द त्याला देऊ नये.

मग शेवटचा शब्द कोणाचा? गेली अनेक दशके तो सायकलचा आहे. ब्रिटनमध्ये जॉन ज्युवेल यांनी १९६१ मध्ये सायकलच्या चाकाने मार्ग मोजण्याची पद्धत मांडली, अमेरिकेत टेड कॉर्बिट यांनी १९६४ मध्ये तिचा पुरस्कार केला आणि १९७१ मध्ये अ‍ॅलन जोन्स यांनी पुढच्या चाकाच्या आसाशी बसणारा गणक तयार केला, जो आजही जोन्स काउंटर या नावाने ओळखला जातो. त्याच्या सध्याच्या प्रकारात चाकाच्या एका फेरीला २३.६ च्या आसपास आकडे पडतात, म्हणजे साध्या टायरवर प्रत्येक आकडा सुमारे नऊ सेंटीमीटरचा. पद्धतीचे मर्म असे की चाकाचा घेर किती हे कुठेच गृहीत धरायचे नाही. पोलादी टेपने अचूक मोजलेल्या सरळ पट्ट्यावर सायकल चालवून आकडे मोजायचे आणि त्या प्रमाणाने मार्ग मोजायचा.

हा कॅलिब्रेशनचा, म्हणजे सायकलचे आकडे मीटरांशी जुळवून घेण्याचा, पट्टा किमान ३०० मीटरांचा, सरळ, सपाट आणि मार्गाच्या जवळ असावा. पाण्याकाठी असा पट्टा बहुधा मार्गावरच मिळतो. टेपचे काम दोघांनी करावे. रस्त्यावर चिकटपट्टीचा तुकडा लावायचा, टेपचा शून्य मागच्या खुणेवर धरायचा, पुढच्याने ताणकाट्याने सुमारे ५० न्यूटन ओढ द्यायची आणि चिकटपट्टीवर बारीक पेनाने रेघ मारून तिला क्रमांक द्यायचा. क्रमांक आवश्यक आहे, कारण या कामात सेंटीमीटर चुकण्यापेक्षा अख्खी टेपच मोजायची राहून जाण्याची शक्यता अधिक असते. त्यानंतर तापमान. पोलादी टेपा साधारण २० अंश सेल्सिअसला अचूक असतात आणि पोलाद दर अंशाला लांबीच्या दहा लाखांत सुमारे ११.६ भाग प्रसरण पावते. ३५ अंशांच्या उन्हात टेप लांबलेली असल्यामुळे टेपवरचे ४०० मीटर प्रत्यक्षात ७ सेंटीमीटर जास्त असतात, तेवढी दुरुस्ती करावी. तापमान हवेचे न घेता फरशीलगत, टेपशेजारी मोजलेले घ्यावे. कापडी किंवा फायबरच्या टेपा ओढीने ताणल्या जातात. बागेची आखणी करायला त्या ठीक, इथे नकोत.

सायकलवरची कृती लहान आहे, पण तिच्यात शिस्त लागते. नेहमी बसतो तसे सायकलवर बसून, चाक मागून पुढे लोटत सुरुवातीच्या रेघेवर आणायचे, म्हणजे गणकाच्या दातांतला ढिलेपणा निघून जातो. पुढचा ब्रेक दाबून आस बरोबर रेघेच्या वर आहे हे पाहून आकडा लिहायचा. चाक पुढे गेलेच तर मागे ओढून जुळवू नये. मागे जाऊन पुन्हा पुढे यावे. मोजणीच्या आधी पट्ट्यावर चार फेऱ्या आणि मोजणी संपल्यावर लगेच आणखी चार. समजा ४०० मीटरांवर सरासरी ४,४८० आकडे आले, तर मीटरला ११.२ आकडे, किलोमीटरला ११,२००. त्याला १.००१ ने गुणायचे, म्हणजे ११,२११.२, पाच किलोमीटरवरची खूण ५६,०५६ आकड्यांवर येते.

या १.००१ बद्दल नवख्यांच्या मनात नेहमी शंका असते की किलोमीटरमागे एक मीटर उगाच का वाढवायचा. मोजणारा माणूस कितीही सराईत असला तरी तो पूर्णपणे जवळच्या रेषेवरून जाऊ शकत नाही, थोडा डोलतोच, आणि तो डोल मोजणीत धरला गेल्यामुळे मार्ग प्रत्यक्षात तोकडा पडतो. शर्यतीत मार्ग दहा मीटर लांब असला तर कोणाचेही काही बिघडत नाही, पण एक मीटर तोकडा असला तर विक्रम जातो. १९८१ च्या न्यूयॉर्क मॅरेथॉनमध्ये अल्बर्टो सालाझार यांनी २ तास ८ मिनिटे १३ सेकंदांची जागतिक सर्वोत्तम वेळ नोंदवली होती. नंतरच्या फेरमोजणीत तो मार्ग सुमारे १४८ मीटरने कमी निघाला आणि ती वेळ विक्रम म्हणून टिकली नाही. याची उलट बाजूही नोंदवायला हवी. किनाऱ्यावरच्या ब्रायटन मॅरेथॉनचा मार्ग २०२१ मध्ये ५६८ मीटर जास्त भरला होता. अधिकृत मोजणीत ४२.१९५ किलोमीटरला अपेक्षित अधिक फरक फक्त ४२ मीटर असतो. सरावाच्या खुणांसाठी हा गुणक वापरावा की नाही हा आपला प्रश्न. मी वापरतो, म्हणजे पुढे त्याच मार्गावर छोटी शर्यत घ्यायची झाल्यास सगळे काम पुन्हा करावे लागत नाही.

पाण्याकाठची खास अडचण टायरची आहे. पहाटे गारव्यात कॅलिब्रेशन केले आणि मोजणी संपेपर्यंत ऊन तापले, की टायरमधली हवा गरम होऊन चाकाचा घेर किंचित वाढतो आणि त्याच अंतराला कमी आकडे पडतात. आधीच्या आणि नंतरच्या फेऱ्यांची सरासरी घेण्यामागे हेच कारण आहे. वाऱ्याच्या दिवशी काम करू नये. समोरून येणाऱ्या वाऱ्याने फक्त दम लागतो, पण आडव्या झोतांनी सायकल हेलकावे खाते आणि ती रेषा मोजणीत शिरते. लाकडी फळ्यांचा भाग असेल तर तिथे हाताने ढकलायचे लहान चाकाचे मापनयंत्र चुकूनही वापरू नये. कडक लहान चाक प्रत्येक फटीत आदळते आणि उड्या मारते. सायकलचे मोठे, हवा भरलेले चाक त्या फटी सहज पचवते. दूरच्या टोकाला वळणखुणेभोवतीचा वळसाही त्याच शिस्तीने, खुणेपासून ३० सेंटीमीटरवरून अर्धवर्तुळात मोजावा. तो जेमतेम ९४ सेंटीमीटरचा असतो. एवढ्या आखूड वळणावर सायकल चालवता येत नाही, म्हणून तो हिशेबाने धरावा.

हे सगळे आपल्या गटाला अवजड वाटत असेल तर एक मधला मार्ग आहे, आणि बहुतेक गटांना तोच पुरतो. सगळे दहा किलोमीटर मोजण्याचा हट्ट सोडून एक सरळ किलोमीटर पोलादी टेपने मोजून काढावा. पन्नास मीटरच्या टेपने वीस वेळा मोजायचे, दोघांचे एका सकाळचे काम, आणि तपासणीसाठी उलट दिशेने पुन्हा एकदा. दोन्ही मोजण्यांत दहा सेंटीमीटरहून जास्त फरक आला तर कुठेतरी ओढ किंवा खूण चुकली आहे. असा एक विश्वासू किलोमीटर हाताशी असला की वेगाचा सराव त्यावर होतो आणि घड्याळाचीही परीक्षा होते. घड्याळ तपासताना त्याच्या मते किलोमीटर झाला की आपोआप नोंदला जाणारा टप्पा (ऑटो लॅप) बंद ठेवून खुणेवर हाताने कळ दाबावी, नाहीतर घड्याळ स्वतःच्याच अंतराला स्वतःच्या वेळेने भागत राहते आणि तुलना कशाशीच होत नाही.

मार्गाचा काही भाग पुळणीवरून जात असेल तर मात्र सगळा विचार बदलतो. वाळूवर लोक ओल्या, घट्ट पट्ट्यातून पाण्याच्या रेषेला धरून धावतात आणि ती रेषा तासातासाला हलते. पुळणीचा उतार पन्नास मीटरला एक मीटर आणि भरती-ओहोटीच्या पातळीत दोन मीटरचा फरक असेल, तर पाण्याची रेषा शंभर मीटर मागेपुढे होते. किनारा खाडीसारखा आत वळलेला असून त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ९० अंशांचे वळण असेल, तर ओहोटीला तीच धाव सुमारे १५७ मीटरने कमी भरते. किनारा भूशिराप्रमाणे बाहेर आलेला असेल तर तितकीच जास्त. रोज दोन भरत्या येतात त्या किनाऱ्यांवर भरतीपासून ओहोटीपर्यंत साधारण सव्वासहा तास जातात, म्हणजे तासाभराच्या धावेत जातानाची आणि येतानाची रेषाही एक राहत नाही. अशा भागाचे अंतर मीटरमध्ये सांगण्याचा अट्टहास करू नये. त्याची सुरुवात आणि शेवट पक्क्या बांधकामावर ठरवावी, मधले अंतर भरतीच्या रेषेच्या वरच्या कोरड्या कडेने एकदा मोजून अंदाज म्हणून नोंदवावे आणि वेळेची तुलना फक्त पक्क्या भागावर करावी.

चढ-उताराची काळजी करण्याचे कारण नाही. शेकडा पाच चढ असलेल्या पट्ट्यातही उताराची लांबी आडव्या लांबीपेक्षा फक्त ०.१२५ टक्क्यांनी जास्त असते आणि पाण्याकाठी एवढा चढ पुलाच्या तोंडाशीच काय तो सापडतो. सायकल तो आपोआप मोजते.

खुणांबद्दल शेवटी सांगतो, पण चांगल्या मोजणीवर सर्वाधिक पाणी इथेच पडते. मोजणी सेंटीमीटरची करून खुणेची पाटी मात्र जवळच्या दिव्याच्या खांबाला लावली जाते. खांब तीस मीटरांवर असतील तर पाटी पंधरा मीटरपर्यंत चुकू शकते आणि किलोमीटरला पाच मिनिटांच्या वेगाने धावणाऱ्याला ते साडेचार सेकंद पडतात. रेघ जमिनीवर जिथे येते तिथेच मारावी आणि पाटी हवी तर खांबाला लावून तिच्यावर बाण दाखवावा. रंग खारट हवेत आणि लाटांच्या तुषारांत लवकर उडतो, म्हणून मार्गाची देखभाल करणाऱ्या यंत्रणेची परवानगी घेऊन प्रत्येक खुणेवर स्टेनलेस स्टीलचा वॉशर लावलेला खिळा जमिनीकडच्या कडेला ठोकावा. पाण्याकडच्या कडेला नको, कारण कठडे दुरुस्तीत सर्वांत आधी बदलतात. प्रत्येक खिळ्याची जागा सहसा हलत नाहीत अशा दोन वस्तूंपासून मोजून लिहावी: पायऱ्यांचा कोपरा, पुलाचा खांब, पाणी सोडण्याच्या झडपेचे झाकण. नोंदीत रेषेचे वर्णन, सज्जे आत धरले की बाहेर, शून्य कुठे, गुणक वापरला की नाही, तापमान आणि तारीख असावी. जुन्या दहा किलोमीटरच्या खुणांवर मी आज विश्वास ठेवणार नाही तो त्या चूक आहेत म्हणून नव्हे, तर त्यांच्यासोबत अशी कोणतीही नोंद आलेली नाही म्हणून. नवी मोजणी केल्यावर त्या पुसून टाकाव्यात, आणि काठाची दुरुस्ती होऊन मार्गाची कड कुठे सरकली तर निदान तेवढ्या दोन खिळ्यांमधला भाग पुन्हा मोजावा.